आपले विद्यापीठ, लेखांक ४ : फोर्टच्या मनोऱ्यापासून कल्याणच्या उपकेंद्रापर्यंत

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली, तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. कारभार टाउन हॉलमधून चाले. विद्यापीठाची घडण लंडन विद्यापीठाच्या धर्तीची होती. शिकवायचे महाविद्यालयांनी आणि परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने, अशी ती विभागणी. १८६२ साली महादेव गोविंद रानडे आणि त्यांचे सहाध्यायी पहिले पदवीधर झाले, ते या बिनवास्तूच्या काळात.

त्याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी फोर्टचा तट पाडायला घेतला. मोकळ्या झालेल्या जागेवर, ओव्हल मैदानाच्या कडेने, सरकारी इमारतींची रांग उभी राहिली : जुने सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय. या इमारतींची तोंडे पश्चिमेला आहेत, कारण मैदानापलीकडे तेव्हा समुद्र होता. आज तिथे दिसणारी घरांची ओळ १९३०च्या दशकातल्या भरावावरची आहे.

पैसा देणगीदारांकडून आला. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दीक्षान्त सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. कापसाच्या तेजीत श्रीमंत झालेले प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे, नाव मिळाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि प्रेमचंद यांचे दिवाळे निघाले. विद्यापीठाला दिलेला पैसा मात्र कामी आला.

आराखडे केले लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी. ते स्वतः हिंदुस्थानात कधीच आले नाहीत. शैली गॉथिक, युरोपातल्या चर्चची. दगड मात्र कुर्ल्याचा, पिवळसर छटेचा, आणि नाजूक कोरीवकामाला पोरबंदरचा मऊ दगड. सभागृह १८७४ साली पुरे झाले. त्याच्या मोठ्या गोल खिडकीच्या रंगीत काचांत बारा राशी आहेत. ग्रंथालय आणि मनोरा १८७८ साली पूर्ण झाले. मनोऱ्याची उंची सुमारे २८० फूट. त्यावरचे पुतळे नीट पाहण्याजोगे आहेत. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे लोक आपापल्या पेहरावात तिथे उभे आहेत. ही रचना रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांची. परदेशी आराखड्यात इथली माणसे त्यांनी आणली, म्हणून या वास्तूच्या इतिहासात त्यांचे नाव स्कॉट यांच्या जोडीने घेतले पाहिजे.

या आवारात वर्गखोली नव्हती, ही सर्वांत बोलकी गोष्ट. पदवी देण्याचे दालन, पुस्तकांचे दालन आणि वेळ सांगणारा मनोरा, एवढाच पसारा. कारण विद्यापीठ शिकवतच नव्हते. १९०४च्या कायद्याने अध्यापनाची वाट मोकळी केली. १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग निघाला. त्याचे पहिले प्रमुख नगररचनाकार पॅट्रिक गेडिस. १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला. प्रयोगशाळांना फोर्टात पुरेशी जागा मिळणे शक्यच नव्हते. तो विभाग १९४३ साली माटुंग्याला गेला आणि पुढे स्वतंत्र संस्था झाला.

स्वातंत्र्यानंतर पदव्युत्तर विभाग वाढले आणि त्यांच्यासाठी सांताक्रूझ पूर्वेला कालिन्याचे विद्यानगरी संकुल उभे राहिले. फोर्टचे आवार १४ एकरांचे, विद्यानगरी सुमारे २४३ एकरांची. इथे दगडी कमानींऐवजी सिमेंट-काँक्रीटच्या साध्या, सुट्यासुट्या इमारती आहेत : रानडे भवन, टिळक भवन, जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. दिमाखात विद्यानगरी फोर्टपुढे उणी ठरते हे खरे. पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहिले तर रोज जाऊन बसायची, वाचायची, प्रयोग करायची जागा विद्यापीठाने प्रथम तिथेच मोठ्या प्रमाणावर उभारली. रानड्यांचे नाव वर्गांच्या इमारतीला मिळाले, हेही यथायोग्य.

फोर्टच्या वास्तूंचा मान दरम्यान वाढतच गेला. राजाबाई मनोरा आणि ग्रंथालय यांची मोठी दुरुस्ती २०१५ साली पूर्ण झाली. २०१८ साली युनेस्कोने ओव्हलभोवतालच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा ठरवले, त्यांत विद्यापीठही आले.

विठ्ठलवाडी-उल्हासनगरच्या विद्यार्थ्यांचा विद्यापीठाशी पहिला संबंध येतो तो चांदीबाई किंवा तलरेजा अशा संलग्न महाविद्यालयांतून. पदव्युत्तर शिक्षणासाठी मात्र लोकलने कुर्ला गाठायचे आणि तिथून बस किंवा रिक्षाने कालिना, हाच अनेकांचा नेम राहिला. आता ठाण्यात बाळकुमला आणि कल्याण पश्चिमेला विद्यापीठाची उपकेंद्रे आहेत. ठाण्यात व्यवस्थापन आणि विधी, कल्याणात अभियांत्रिकी आणि उपयोजित विज्ञान, असा त्यांचा भर आहे. आवार म्हणून ती अजून लहान आहेत. पण विठ्ठलवाडीहून कल्याण एकच स्थानक दूर आहे, आणि ज्यांच्या घरी प्रवासातले तीन-चार तास परवडत नाहीत त्यांच्यासाठी हे अंतर निर्णायक ठरते.