पिशवीतली माती, तबकातले झाड

पावसाळ्याच्या तोंडावर रोपवाटिकांतून घरोघरी येणाऱ्या झाडांत नांद्रुकाचे एखादे रोप हमखास असते. बुंधा अंगठ्याएवढा जाड, पाने तुकतुकीत, फांद्यांना सुरेख वळण. पाहताक्षणी त्यात भावी बोन्साय दिसू लागते. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत काय भरले आहे, याची चौकशी मात्र क्वचितच होते. उथळ तबकात बसवलेली अशी कितीतरी झाडे वर्षा-दोन वर्षांत वठतात, त्याचे कारण पुष्कळदा या पिशवीतच दडलेले असते.

रोपवाटिकेची माती निष्काळजीपणामुळे वाईट असते, असे नाही. महाराष्ट्रात विकली जाणारी पुष्कळ झाडे आंध्रातील गोदावरीकाठच्या कडियम परिसरात वाढलेली असतात. काही उरुळी कांचनच्या आसपासची. ट्रकचा लांबचा प्रवास आणि दुकानात आठ-आठ दिवस पडून राहणे सोसायचे, तर मुळांभोवतीचा गोळा फुटता कामा नये आणि त्यातली ओल टिकली पाहिजे. चिकणमाती ही दोन्ही कामे चोख करते. विक्रेत्याच्या दृष्टीने ती उत्तमच माती. फक्त तिचे काम झाड विकले जाईपर्यंतचे.

खोल पिशवीत जी माती चालते, ती दोन-अडीच इंचांच्या तबकात का चालत नाही? स्वयंपाकघरातला ओला स्पंज याचे उत्तर देतो. पाण्यात बुडवलेला स्पंज आडवा धरला की काही वेळाने ठिबकणे थांबते. तोच उभा केला की पुन्हा धार लागते. स्पंज तोच, पाणी तेच. उंची वाढली म्हणून पाणी उतरले. मातीतही असेच घडते. कुंडीच्या तळाशी पाण्याने गच्च भरलेला एक थर नेहमी उरतो आणि त्याची जाडी कुंडीच्या खोलीवर नव्हे, तर मातीच्या कणांवर ठरते. कण जितके बारीक, तितका हा थर जाड. खोल पिशवीत त्याच्या वर मुळांना श्वास घ्यायला जागा राहते. तबकात जवळजवळ सगळी माती त्या थरातच येते. मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ती कुजू लागतात. तळाशी खडीचा थर दिला की निचरा सुधारतो, हा समज फार जुना आहे आणि चुकीचाही. खडी घातल्याने ओला थर नाहीसा होत नाही, तो फक्त वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो.

याहून फसवी चूक म्हणजे जुना गोळा तसाच ठेवून भोवती नवी, भरड माती भरणे. वरून घातलेले पाणी मोकळ्या मातीतून झरझर निघून जाते. एकदा सुकलेला चिकट गोळा मात्र आत कोरडाच राहतो. आणि भिजला, तर दिवसेंदिवस सुकत नाही. तबकाखालून पाणी वाहताना दिसते, त्यामुळे घरच्यांना वाटते, झाड तृप्त झाले. ते मधोमध तहानलेले असते, किंवा बुडालेले.

जपानमध्ये मातीचा हा विचार किती खोलवर गेला आहे, हे ओमियाच्या इतिहासात दिसते. 1923 च्या भूकंपानंतर टोकियोतील बोन्साय व्यावसायिकांनी शहर सोडले आणि 1925 मध्ये ओमिया येथे आपली वसाहत उभारली. जागा निवडताना हवापाण्याबरोबर मातीही पाहिली गेली. तिकडची आकादामा ही ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली दाणेदार माती. महाराष्ट्राची भूमीही ज्वालामुखीचीच. पण इथल्या काळ्या मातीत त्या खडकाची झीज होऊन अगदी बारीक चिकणमाती झालेली असते. आयात केलेली आकादामा इथे महाग पडते, आणि तिच्यावाचून अडतही नाही. पक्क्या भाजलेल्या विटांचे दोन ते पाच मिलिमीटरचे तुकडे चाळून घ्यावेत, धूळ काढून टाकावी. कच्च्या विटेचा पुन्हा चिखल होतो. असे दोन भाग तुकडे, एक भाग जाड नदीची वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत, हे मिश्रण पुष्कळ झाडांना मानवते. सोलापूरकडच्या कोरड्या उन्हात शेणखत थोडे वाढवावे, कोकणातल्या पावसात कमी करावे. दुकानात सुचवले जाणारे बोनमील हाडांचे असते. ज्यांना ते नको, त्यांना पुढे खत म्हणून निंबोळी पेंड आहेच.

माती बदलण्यास नांद्रुक, वड, पिंपळ यांच्यासाठी उन्हाळ्याचा शेवट आणि पावसाची सुरुवात हा काळ उत्तम. चिंचेसारख्या झाडांची वेळ नवी पालवी फुटण्याच्या बेतात असताना. आधी वरची माती हलक्या हाताने खरवडावी. रोपवाटिकेत झाड बहुधा खोल पुरलेले असते आणि बुंध्याचा खरा पसारा इंच-दीड इंच खाली सापडतो; कधी तो वरून दिसणाऱ्या बुंध्यापेक्षा देखणा निघतो. मग बोथट काडीने गोळा बाहेरून आत मोकळा करावा, उरलेली चिकट माती पाण्याच्या धारेने धुवावी. पिशवीत गोल फिरलेली मुळे आणि जाड सोटमूळ कापावे, तंतुमुळे जपावीत. कापलेल्या मुळांतून चीक येतो, तो पुसून घ्यावा. या सगळ्या वेळात मुळे सुकू देऊ नयेत; हा नियम मोडला की बाकीची काळजी वाया जाते.

वडाच्या कुळातील झाडे मुळे पूर्ण धुणे सोसतात. जुनिपर सोसत नाही. त्याची निम्म्या बाजूची माती या वर्षी काढावी आणि उरलेली एक-दोन वर्षांनी, पहिल्या बाजूला नवी मुळे भरल्यावर.

पहिल्या वर्षी थेट तबकाचा मोह नको. रुंद, साधी मातीची कुंडी बरी. झाड तारेने कुंडीला बांधावे, कारण ते हलत राहिले की नवी कोवळी मुळे तुटतात. काडीने नवी माती मुळांच्या बेचक्यांत सरकवावी आणि तळातून निघणारे गढूळ पाणी स्वच्छ होईपर्यंत पाणी घालावे. त्यानंतर दोन-तीन आठवडे वाऱ्यापासून आडोसा, कडक उन्हापासून सावली. खत नाही, फांद्यांना तार नाही. काही पाने पिवळी पडून गळतात. ती पाहून पुन्हा उपटून बघण्याची घाई अनेक झाडांच्या जिवावर बेतते. फांदीच्या टोकाला नवा कोंब उलगडू लागला, की मुळांनी नव्या मातीत हात पसरले असे समजावे.

काढलेली चिकणमाती फेकण्याचे कारण नाही. तिच्यात गांडुळे असतील, तर ती आधी ओल्या, सावलीतल्या वाफ्यात सोडावीत. मग माती फोडून, पालापाचोळा मिसळून परसातल्या केळीच्या किंवा कढीपत्त्याच्या आळ्यात घालावी. तिथे खोली आहे, आणि ओल धरून ठेवणारी हीच माती उन्हाळ्यात उपयोगी पडते.