ताल तळव्यातून चढतो

वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात फुटबॉलच्या मैदानाकडेला कित्येक वर्षं एक भलामोठा बास ड्रम उभा असे. नवख्या प्रेक्षकाला वाटायचं, खेळाडूंना चेव यावा म्हणून ठेवला असेल. त्याचं खरं काम वेगळंच होतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू नेमका केव्हा मागे द्यायचा हे डाव चालवणारा खेळाडू, म्हणजे क्वार्टरबॅक, ओरडून सांगतो. गॅलॉडेटचे खेळाडू कर्णबधिर, त्यांना ओरडून काय उपयोग? म्हणून ड्रमवर टोला पडायचा, त्याचा हादरा अंगाला भिडायचा आणि ठरलेल्या ठोक्याला अख्खी फळी एकदम सुटायची.

हे विद्यापीठ कर्णबधिरांसाठीच आहे. १८६४ साली अब्राहम लिंकन यांनी त्याला पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर सही केली. खेळाडूंनी गोल कोंडाळं करून डाव ठरवायची पद्धत आज जगभर दिसते. तीही इथलीच मानली जाते. १८९० च्या दशकात पॉल हबर्ड नावाच्या क्वार्टरबॅकने आपले हातवारे समोरच्या कर्णबधिर संघाला दिसू नयेत म्हणून गडी भोवती गोळा केले. विद्यापीठाचं बायसन गीतही हातांनी, ड्रमच्या ठोक्यांवर ‘गायलं’ जातं. अमुक ठोक्याला अमुक खूण, आणि गॅलरीतले सगळे हात एका वेळी हलतात.

कर्णबधिर माणूस संचलनाच्या बँडमध्ये वाजवतो, इतकंच नव्हे तर बँडच्या पुढे चालून त्याला ताल देतो, हे सांगितलं की ऐकणाऱ्याच्या भुवया उंचावतात. त्या उंचावायचं कारण नाही. साधं गणित आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि अमेरिकन फुटबॉलचं मैदान गोल रेषेपासून गोल रेषेपर्यंत सुमारे ९१ मीटर लांब असतं. म्हणजे एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला पाव सेकंदापेक्षा जास्त उशिरा पोहोचतो. मिनिटाला १२० पावलांच्या चालीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे कानावर विसंबून वाजवणारा सरळ अर्धा ठोका मागे पडणार. म्हणूनच मैदानभर पसरणाऱ्या बँडमधल्या मुलांना पहिल्यापासून बजावलं जातं, की लांबून येणाऱ्या आवाजामागे जाऊ नका, बँडला ताल देणाऱ्या ड्रम मेजरच्या हाताकडे बघा. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकात उभं राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. चाळीस-पन्नास ढोल सुरू झाले की तोंडाने दिलेली सूचना शेजाऱ्यालाही कळत नाही. सगळं हातावर आणि नजरेवर चालतं.

बाकीचं काम कातडी करते. खालच्या पट्टीतली कंपनं त्वचेला चांगली कळतात आणि बास ड्रमचा सगळा जीव त्या पट्टीतच असतो. वॉशिंग्टन विद्यापीठातले डॉ. डीन शिबाता यांनी २००१ मध्ये मांडलेल्या अभ्यासात कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं होतं. हाताला कंपन जाणवलं की त्यांच्या मेंदूतला एरवी आवाजासाठी वापरला जाणारा भागही कामाला लागतो, असं त्यांना आढळलं.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी. त्यांचा जन्म १९६५ चा, ॲबर्डीनशायरमधल्या शेतकरी घरातला. आठव्या वर्षापासून ऐकणं कमी होत गेलं आणि बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेलंच. शाळेत तालवाद्यं शिकवणारे रॉन फोर्ब्स त्यांना खोलीच्या भिंतीवर हात टेकून उभं राहायला सांगत आणि टिंपनी वाजवत. कुठला सूर शरीरात कुठे जाणवतो, ते शोध! खालचे सूर पायांत उतरत, वरचे चेहऱ्यावर आणि मानेत जाणवत. पुढे रॉयल अकादमी ऑफ म्युझिकने त्यांना आधी नकार दिला. ‘बहिऱ्या वादकाचं’ भवितव्य काय, हा प्रश्न होता. त्या अडून बसल्या आणि शेवटी त्यांना प्रवेश मिळाला. ग्लेनी अनेकदा अनवाणी वाजवतात. प्रेक्षकांना तो लहरीपणा वाटतो, पण त्यांच्यासाठी रंगमंचाची जमीन हे ऐकण्याचं साधनच आहे.

२७ जुलै २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात औद्योगिक क्रांतीच्या दृश्यात सुमारे १००० वादक उतरले. त्यांच्या पुढे ग्लेनी होत्या. बहुतेक वादक हौशी स्वयंसेवक, आणि पुष्कळांच्या हातात ड्रमऐवजी बादल्या आणि कचऱ्याचे डबे. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये आवाज पोहोचायला लागणारा वेळ पुन्हा आडवा आलाच. त्यामुळे ठोका चुकू नये म्हणून वादकांच्या कानांत इअरपीस बसवले होते. ऐकू येणाऱ्यांना यंत्राची मदत, आणि पुढे उभी असलेली बाई कर्णबधिर! या वादकांतले काही जण पुढेही ‘पँडेमोनियम ड्रमर्स’ या नावाने एकत्र वाजवत राहिले.

ही गोष्ट एका असामान्य बाईपुरती मात्र नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या फॅनवुड या कर्णबधिर शाळेत मुलांचा लष्करी थाटाचा बँड होता. इलिनॉयमधल्या जॅक्सनव्हिलच्या शाळेतही पुढे तसा बँड उभा राहिला. या बँडकडे थोडं सावधपणेच बघायला हवं. कर्णबधिरांच्या शिक्षणावर १८८० मध्ये भरलेल्या मिलान परिषदेनंतर अनेक शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली, आणि तालाचं शिक्षण हे मुलांना बोलायला लावायचं साधन ठरलं. गणवेशातली मुलं पाहुण्यांपुढे उभी करून ‘बघा, आमची मुलं तुमच्यासारखीच’ असं दाखवण्याचा सोसही काही शाळांना होता. संगीत हे ऐकणाऱ्यांचं खूळ, ते आमच्या गळ्यात का, असं काही कर्णबधिर आजही विचारतात. त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही.

ओहायोमधला किस्सा या सक्तीच्या उलट आहे. तिथल्या कर्णबधिर शाळेने २००५ मध्ये फुटबॉल संघ पुन्हा उभा केला. संघ म्हटला की बँड हवाच, म्हणून त्यांनी अंधशाळेकडे विचारणा केली. त्यातून अंध मुलांचा संचलन बँड तयार झाला. दृष्टिहीन वादक ब्रेल लिपीतली स्वरलिपी पाठ करून, खांद्याशी एकेक सोबती घेऊन चालत, आणि कर्णबधिर खेळाडूंसाठी वाजवत. १ जानेवारी २०१० ला हा बँड पॅसाडिनाच्या प्रसिद्ध रोझ परेडमध्ये चालला.

मर्यादा आहेत, त्या झाकायचं कारण नाही. ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेट सुरात लावणं कर्णबधिर वादकाला अवघडच जातं. शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या कॉक्लिअर इम्प्लांट या यंत्रातून ताल चांगला कळतो, पण सुरांतला बारीक फरक नीट उमगत नाही. ताल धरणं, पाऊल मिळवणं, रांगेला पुढे नेणं यात मात्र कान हा अडथळा ठरत नाही.

आपल्याकडे २६ जानेवारीच्या संचलनासाठी शाळाशाळांतून बँड आणि लेझीम पथकं तयार होतात. कर्णबधिर मुलाला तेव्हा बहुधा प्रेक्षकांत बसवलं जातं. शिक्षकांनी यंदा निवड करताना त्याला आधी बास ड्रमशेजारी अनवाणी उभं करावं, चार वेळा वाजवून दाखवावं आणि मग काठी त्याच्या हातात द्यावी.