चित्रकलेचा तास म्हणजे 'ऑफ तास' नव्हे

परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जातो, आणि पालकांचीही त्याला हरकत नसते. कला म्हणजे विरंगुळा, ही समजूत त्यामागे आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा सक्तीचा विषय मानला. सहावी ते आठवीच्या ज्या शाळेत शंभरावर मुलं आहेत, तिथे कलाशिक्षणासाठी अर्धवेळ शिक्षक हवा, असं शिक्षणहक्क कायद्याचं परिशिष्ट सांगतं.

पण कायद्यापेक्षा मोठं कारण डोळ्यांत आणि बोटांत आहे. आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुडीहत्नूर-उटनूरच्या भागात पळस कुठेही सापडतो. पळसाला पानं तीनच, हे मुलांना तोंडपाठ असतं. एकदा ते पान हातात देऊन काढायला सांगा. मधलं पान मोठं, बाजूची दोन बुडाशी तिरकी, पाठीमागे शिरा बोटाला टोचतील इतक्या उठलेल्या: हे सगळं काढताना कळतं, पाठ करून कळत नाही. फळ्यावरचा डोंगर-सूर्य-झोपडी उतरवून घेण्यात मात्र यातलं काही घडत नाही. तशा तासाला कलाशिक्षण म्हणू नये.

बोटांची समज काय करू शकते, हे त्याच पट्ट्यातल्या, जैनूरजवळच्या उशेगावात दिसतं. तिथले वोज कारागीर डोकरा काम करतात. मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक दोरे गुंडाळायचे, वर मातीचा लेप द्यायचा, भट्टीत मेण वितळून गेलं की त्या पोकळीत पितळ ओतायचं. मेण फार ऊन झालं तर दोरा पसरतो, गार पडलं तर तुटतो. ही पारख स्पर्शानेच येते. आदिलाबादच्या डोकरा कामाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

"आमच्या मुलीचा हात चांगला नाही, तिला काय उपयोग?" असंही ऐकू येतं. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाने 2016 मध्ये 39 प्रौढांना 45 मिनिटं माती, रंगीत पेन, कोलाज यांत रमू दिलं. सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालं. आधीचा सराव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. पाहणी लहान होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून तिचा डांगोरा पिटू नये. पण हात चांगला असण्याची अट तिच्यात कुठे दिसली नाही.

उलट टोकाचा गैरसमजही तितकाच घातक: चित्रं काढली की नैराश्य बरं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन हजारांवर अभ्यास तपासून कलेची मदत होते असं म्हटलं. मदत म्हणजे उपचारांची जागा घेणं नव्हे. मूल सतत गप्प राहत असेल, झोप-जेवण तुटलं असेल, तर आधी डॉक्टरांकडे न्या.

पुढच्या पालकसभेत गणिताच्या गुणांबरोबर एवढंही विचारा: चित्रकलेचा तास वेळापत्रकात आहे का, आणि तो खरंच होतो का?