काल नेमके किती जेवलात?

काल रात्री काय जेवलात, हे बहुतेकांना सांगता येईल. परंतु किती जेवलात, भाजीत तेल किती होते आणि संध्याकाळी चहासोबत तोंडात टाकलेला चिवडा किती ग्रॅमचा होता, असे विचारले तर उत्तर अडखळते. आहार आणि आरोग्य यांचा संबंध शोधणारे संशोधन मात्र बऱ्याच अंशी अशाच उत्तरांवर उभे असते. 'अमुक पदार्थाने कर्करोगाचा धोका' अशी बातमी आमच्या टेबलावर येते, तेव्हा तिच्या मुळाशी प्रयोगशाळेपेक्षा प्रश्नावली असण्याचीच शक्यता अधिक.

याला इलाज नाही. हजारो माणसांना वीस वर्षे कोंडून त्यांचे प्रत्येक ताट वजनकाट्यावर ठेवता येत नाही. म्हणून त्यांनाच विचारावे लागते. एक तर गेल्या चोवीस तासांत काय खाल्ले ते आठवून सांगायचे, किंवा कोणता पदार्थ आठवड्यातून, महिन्यातून किती वेळा खाता यावर खुणा करायच्या. अमेरिकेत १९७६ मध्ये सुरू झालेल्या परिचारिकांच्या प्रसिद्ध अभ्यासात १९८० साली ६१ पदार्थांची अशीच यादी पाठविण्यात आली होती.

लोक खरे सांगतात का, याची परीक्षाही शास्त्रज्ञांनी घेतली आहे. अमेरिकेतच ४८४ स्वयंसेवकांना हायड्रोजन व ऑक्सिजनचे जड समस्थानिक असलेले पाणी पाजण्यात आले. हे घटक लघवीवाटे किती वेगाने बाहेर पडतात, यावरून शरीराने खर्च केलेली ऊर्जा काढता येते. वजन स्थिर असेल तर तेवढीच ऊर्जा पोटात गेली असली पाहिजे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके होते. खुणा करण्याच्या प्रश्नावलीत पुरुषांनी ३१ ते ३६ टक्के, तर स्त्रियांनी ३४ ते ३८ टक्के ऊर्जा कमी सांगितली होती. चोवीस तासांच्या आठवणीत ही तूट निम्म्याहून फारशी अधिक नव्हती.

सगळ्यांनीच सारखे कमी सांगितले असते तर फारसे बिघडले नसते. कमी खाणारा आणि जास्त खाणारा यांचा क्रम तरी कायम राहिला असता. अडचण अशी, की स्थूल व्यक्ती तुलनेने अधिक कमी सांगतात. ज्यांच्याविषयी जाणून घ्यायचे, त्यांचीच उत्तरे सर्वांत कच्ची!

इंटरनेटमुळे या कामाचा खर्च उतरला. फ्रान्समध्ये मे २००९ मध्ये सुरू झालेल्या 'न्यूट्रीनेट-सांते' या अभ्यासात सहभागी व्यक्ती संकेतस्थळावर दोन आठवड्यांतील तीन वेगवेगळ्या दिवसांचे खाणे नोंदवितात. वाढलेल्या पदार्थांच्या छायाचित्रांवरून त्या प्रमाण निवडतात. शरीर चालण्यासाठी लागणाऱ्या किमान ऊर्जेशी ताडून अविश्वसनीय नोंदी बाजूला काढल्या जातात. १,०४,९८० जणांच्या अशा नोंदींवरून २०१८ मध्ये निष्कर्ष निघाला, की आहारात अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांचा वाटा १० टक्क्यांनी वाढला तर कर्करोगाचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी अधिक दिसतो. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही, हे संशोधकांनी स्वतःच बजावले. शिवाय सहभागींत तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया होत्या. आपणहून नाव नोंदविणारे लोक आरोग्याबाबत मुळातच जागरूक असतात, हे वेगळेच.

आपल्याकडे प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत डाळ, फळे, अंडी, तळलेले पदार्थ किती वेळा खाता हे विचारले गेले, प्रमाण नव्हे. घरखर्चाच्या सरकारी पाहणीतून घरात किती तेल, साखर खपली ते कळते. पण ते कुणाच्या ताटात गेले, ते नाही. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे पाहणी करणारे घरोघरी प्रमाणित वाट्या आणि चमचे घेऊन जात. आमटी किती शिजली आणि त्यातली कुणी किती घेतली, हे त्या वाट्या दाखवून विचारले जाई, आणि विचारले जाई ते स्वयंपाक करणाऱ्या बाईंना. ऑनलाइन अर्ज भरतो तो मात्र बहुधा घरातला मोबाइलवाला. फोडणीत तेल किती पडले, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही.