विद्यापीठ आता घरी आले, पुढे काय?

व्यापारी घराण्यांतून एक गोष्ट पिढ्यानुपिढ्या घडत आली आहे. मुलगा बारावी झाला की पेढीवर बसू लागतो. पुढचे शिक्षण ‘बाहेरून करू’ असे ठरते, आणि दिवाळीचा हंगाम, लग्नसराई, मार्चअखेरचा हिशेब यांत ते राहून जाते. मुलीची पदवी लग्न ठरेपर्यंत चालते. सासर दुसऱ्या गावी असले की तीही तेथेच थांबते. यात बुद्धीची उणीव नव्हती. महाविद्यालय एका ठिकाणी, संसार दुसऱ्या ठिकाणी आणि दोहोंची वेळ एकच, ही खरी अडचण होती. गेल्या पंचवीस वर्षांत ती बरीच दूर झाली आहे. ती कशी दूर झाली, आणि अजून काय शिल्लक आहे, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावयास हवे.

आरंभ कसा झाला

एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विख्यात तंत्रशिक्षण संस्थेने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य ठेवण्याचा संकल्प जाहीर केला. इंटरनेटवरून शिक्षण विकून नफा कमावण्याच्या योजना इतर काही विद्यापीठे त्याच सुमारास आखीत होती. त्यामुळे हा निर्णय अनेकांना नवलाचा वाटला. पुढच्याच वर्षी पहिले ५० अभ्यासक्रम खुले झाले. आज त्यांची संख्या अडीच हजारांवर गेली आहे. २००२ मध्येच युनेस्कोच्या बैठकीत अशा साहित्याला ‘मुक्त शैक्षणिक साधने’ हे नाव मिळाले.

येथे ‘मुक्त’ शब्दाचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. केवळ फुकट पाहावयास मिळणारे ते मुक्त नव्हे. ज्याची प्रत काढण्यास, भाषांतर करण्यास आणि आपल्या गरजेनुसार फेरफार करण्यास कर्त्याने आधीच परवानगी दिलेली असते, ते मुक्त. अशा पुस्तकाचे मराठी रूपांतर एखाद्या तालुक्याच्या गावचा प्राध्यापक परवान्याच्या अटी पाळून निर्धास्तपणे करू शकतो.

भारतात २००३ साली आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम सुरू केला. जुलै २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ आले. त्यात अभियांत्रिकीबरोबर वाणिज्य, कायदा, भाषा आणि व्यवस्थापन हे विषयही आहेत. व्यवस्थापनाची जबाबदारी बंगळूरच्या आयआयएमकडे आहे. नोंदणीस पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवे असल्यास मात्र शुल्क भरून, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करण्यास विद्यापीठे मुभा देऊ शकतात. आपले महाविद्यालय ती देते का, आणि कोणत्या विषयांना देते, हे नोंदणीपूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

भाड्याचे गोदाम

या साऱ्यामागची यंत्रणा म्हणजे ‘क्लाउड कम्प्युटिंग’. व्यापाऱ्याला ती समजावयास कठीण नाही. स्वतःचे गोदाम बांधण्याऐवजी दुसऱ्याच्या गोदामात हवी तेवढी जागा, हवे तितके दिवस भाड्याने घ्यावी, तसाच हा व्यवहार आहे. ॲमेझॉनसारख्या कंपन्यांनी २००६ पासून साठवणीची जागा आणि संगणकाची शक्ती अशी वापराप्रमाणे भाड्याने देण्यास प्रारंभ केला. पूर्वी ज्या गणनेसाठी महाविद्यालयास महागडी प्रयोगशाळा उभारावी लागे, तिच्यातील बरेच काम आज विद्यार्थी साध्या लॅपटॉपवर करतो. खरा संगणक दूर कोठेतरी चालत असतो. परीक्षेच्या दिवसांत हजारो विद्यार्थी एकाच वेळी आले तरी जागा वाढवून घेता येते आणि निकालानंतर सोडून देता येते.

परंतु भाड्याच्या जागेचे नियम मालक ठरवितो, हेही व्यापाऱ्यास सांगावयास नको. गूगलने शिक्षणसंस्थांना वर्षानुवर्षे अमर्याद साठवण विनामूल्य दिली. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या कंपनीने जाहीर केले की, यापुढे प्रत्येक संस्थेस मिळून १०० टेराबाइट इतकीच जागा मिळेल. लहान महाविद्यालयास ती पुरेशी होती. मोठ्या विद्यापीठांना मात्र आपले भांडार आवरावे लागले किंवा अधिक पैसे मोजावे लागले. म्हणून संस्थाचालकांनी करार वाचून करावा, विद्यार्थ्यांची माहिती कोठे व कोणाच्या ताब्यात राहते ते विचारावे, आणि महत्त्वाच्या दप्तराची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. आपल्यापैकी अनेकजण शिक्षणसंस्थांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. हे प्रश्न विचारणे त्यांचेच काम आहे.

नोंदणी आणि पूर्तता

आता सर्वांत महत्त्वाची बाब. २०१२ साली एमआयटीने विद्युत मंडलांवरील एक अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला. नावे नोंदविणारे सुमारे १,५५,००० होते. प्रमाणपत्रापर्यंत पोहोचले ते सुमारे ७,०००. शंभरातील पाचही नव्हेत. त्यांतील अनेकजण केवळ कुतूहलाने आले असतील, हे खरे. तरीही एवढा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. महाविद्यालय केवळ व्याख्यान देत नव्हते; तास, हजेरी, शेजारचा मित्र आणि शिक्षकाचा धाकही ते देत होते. व्याख्यान घरी आले, बाकीचे आले नाही. ते आता कुटुंबास पुरवावे लागते.

नव्या योजना ही उणीव ओळखू लागल्या आहेत. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. त्यासाठी जेईई द्यावी लागत नाही. चार आठवड्यांचे पाठ शिकून पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. पाठ व साप्ताहिक स्वाध्याय इंटरनेटवर असतात, परंतु परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष द्याव्या लागतात. पायाभूत टप्पा, पदविका, पदवी अशा पायऱ्या असल्याने कोणी मध्ये थांबले तरी हाती काही उरते. तो विनामूल्य नाही, मात्र दुकान सांभाळणाऱ्या तरुणास तो गाव न सोडता करता येतो.

घरी काय करावे

पहिल्या वेळी एकच अभ्यासक्रम निवडावा, तोही चार किंवा आठ आठवड्यांचा. लेखाशास्त्र शिकावयाचे असल्यास अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ‘ओपनस्टॅक्स’ने २०१९ मध्ये काढलेले दोन खंडांचे पाठ्यपुस्तक विनामूल्य मिळते. जमा-नावेची तत्त्वे त्यातून उत्तम समजतात. मात्र त्यातील नियम अमेरिकेचे आहेत, तेव्हा जीएसटी आणि आपला कंपनी कायदा येथील पुस्तकांतूनच शिकावा. इंग्रजी अडत असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून मराठीतून पदवीचे शिक्षण देत आहे, ही वाट विसरू नये.

त्याहून आवश्यक आहे ती वेळ. सुनेने रात्री सर्वांची जेवणे आटोपल्यावर, थकलेल्या डोळ्यांनी शिकावे आणि मुलाने गिऱ्हाइकांमधल्या फटीत व्याख्यान ऐकावे, असे झाले तर त्या शंभरातील पाचांत त्यांची गणना होणे अवघड आहे. दिवसातील एक तास घराने ठरवून द्यावा. त्या तासात दुकानचा फोन दुसऱ्याने घ्यावा, स्वयंपाकघर दुसऱ्याने सांभाळावे. परीक्षेची तारीख लग्नाच्या मुहूर्ताइतकीच आधी सर्वांना ठाऊक असावी.

‘स्वयम्’ची सत्रे साधारणपणे जानेवारी आणि जुलै महिन्यांत सुरू होतात. येत्या सत्रापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी एकदा सर्वांना जवळ बसवून विचारावे : शिक्षण अर्धवट राहिलेले आपल्यात कोण आहे, आणि त्याच्या किंवा तिच्या वाट्याचा तो एक तास आपल्यापैकी कोण देणार आहे?