आतड्याच्या कर्करोगातली प्रथिनं: अंदाज आणि निर्णय

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली की काढलेला भाग पॅथॉलॉजिस्टकडे जातो. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल शिरली आणि किती लसिका ग्रंथींमध्ये रोगाच्या पेशी सापडल्या, यावरून स्टेज ठरते. त्यासाठी किमान 12 ग्रंथी तपासाव्यात असा संकेत आहे. तरीही दुसऱ्या स्टेजच्या दोन रुग्णांचे अहवाल सारखेच असतात आणि एक जण पुढे वर्षानुवर्षं ठणठणीत राहतो, तर दुसऱ्याच्या यकृतात दोन वर्षांत गाठी दिसतात. हा फरक आधीच कळावा म्हणून संशोधक गेली काही दशकं गाठीतली आणि रक्तातली प्रथिनं तपासत आले आहेत. अशा शेकडो प्रथिनांवर शोधनिबंध निघाले, पण रोजच्या उपचारात त्यांतली मोजकीच टिकली. टिकलेल्यांकडे पाहिलं की मला त्यामागचं कारण स्पष्ट दिसतं. रुग्णाचं पुढे काय होईल याचा अंदाज देणं एवढ्यावर कुठलंही प्रथिन टिकलेलं नाही. त्या अंदाजाने डॉक्टरांचा पुढचा निर्णय बदलला, तेव्हाच ते अहवालात कायमचं आलं.

पी53चं उदाहरण घ्या. आतड्याच्या कर्करोगात या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असतं, हे 1989 मध्ये अमेरिकेत बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाने दाखवलं. बिघडलेलं पी53 पेशीच्या केंद्रकात साठतं आणि त्याला चिकटणारं प्रतिपिंड आणि रंगद्रव्य वापरलं की सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसतं. तपासणी इतकी सोपी असल्यामुळे जगभर असंख्य प्रयोगशाळांनी ती केली. 2005 मध्ये अशा 168 अहवालांचा, जवळपास 19 हजार रुग्णांचा, एकत्रित आढावा निघाला. रुग्णाच्या आयुर्मानावर पी53चा परिणाम क्षुल्लक आणि बेभरवशाचा, असं त्यातून दिसलं. कुणी एक प्रतिपिंड वापरलं होतं, कुणी दुसरं. किती टक्के पेशी रंगल्या म्हणजे तपासणी ‘पॉझिटिव्ह’, यावरही एकमत नव्हतं. आणि फरक न सापडलेले अभ्यास बहुधा छापलेच गेले नाहीत. हे दोष दूर झाले असते तरी एक प्रश्न उरलाच असता, आणि मला तोच मोठा वाटतो: पी53 बिघडलेलं निघालं, तर त्या रुग्णाला वेगळं काय द्यायचं?

डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2 आणि एमएसएच6 ही त्यांची नावं. आतड्याच्या सुमारे 15 टक्के कर्करोगांत यांतलं एखादं तरी गायब असतं. दुरुस्ती थांबली की गाठीत हजारो जनुकीय चुका साचतात, त्यांतून विचित्र प्रथिनं तयार होतात आणि शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी ती ओळखू लागतात. म्हणूनच दुसऱ्या स्टेजमध्ये अशा रुग्णांना रोग उलटण्याचा धोका कमी असतो. इथवर हा अंदाजच झाला. पण 2003 मध्ये केमोथेरपीच्या जुन्या चाचण्यांतल्या 570 रुग्णांच्या गाठी पुन्हा तपासल्या गेल्या. त्या चाचण्यांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काहींना 5-एफयू हे औषध मिळालं होतं आणि काहींना नाही, त्यामुळे औषधाने नेमका काय फरक पडला हे पाहता आलं. दुरुस्ती बिघडलेल्या गाठींच्या रुग्णांना या औषधाचा फायदा दिसला नाही. अंदाज उपचारात उतरला तो इथे: दुसऱ्या स्टेजच्या अशा रुग्णाला एकट्या 5-एफयूचा त्रास देऊ नये. रोग पसरल्यावर मात्र हीच खूण चांगल्या भवितव्याची राहत नाही, आणि तरीही तिचं मोल वाढतं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या किनोट-177 या चाचणीत अशा 307 रुग्णांपैकी रोगप्रतिकारक पेशींना मोकळं करणारं पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध मिळालेल्यांचा रोग मध्यकाने 16.5 महिने आटोक्यात राहिला, तर केमो घेणाऱ्यांचा 8.2 महिने. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयाने गुदाशयाच्या अशाच कर्करोगाच्या पहिल्या 12 रुग्णांना याच प्रकारचं डोस्टार्लिमॅब दिलं, तेव्हा बाराही जणांची गाठ तपासण्यांत दिसेनाशी झाली. त्यांना ना शस्त्रक्रिया लागली, ना किरणोपचार. संख्या लहान आहे, पण गुदाशय काढून पोटावर कायमची पिशवी लावावी लागण्याची भीती ज्या घराने अनुभवली आहे, त्याला या निकालाचं मोल वेगळं सांगायला नको.

यावर एक रास्त आक्षेप सीईएच्या निमित्ताने येतो. 1965 मध्ये माँट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी शोधलेलं हे प्रथिन आजही शस्त्रक्रियेनंतर ठरावीक महिन्यांनी रक्तात मोजतात. ते धूम्रपानानेही वाढतं, यकृताच्या आजारानेही वाढतं. पाच नॅनोग्रॅमची मर्यादा धरली तर रोग उलटलेल्या दहांपैकी जवळपास तिघांत ते वाढलेलं दिसतच नाही. इंग्लंडमधल्या 1202 रुग्णांच्या फॅक्स चाचणीत तर सीईए किंवा सीटी स्कॅनने काटेकोर पाठपुरावा करूनही आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं नाही. मग ही तपासणी निर्णय बदलते असं कसं म्हणायचं? त्याच चाचणीतला दुसरा आकडा पाहावा. बरं होण्याच्या आशेने पुन्हा शस्त्रक्रिया करता आली, अशा रुग्णांचं प्रमाण जुजबी पाठपुराव्यात 2.3 टक्के होतं आणि सीईएच्या गटात 6.7 टक्के. यकृतात मोजक्याच गाठी असतील तर त्या काढता येतात, म्हणून या आकड्यामागे काही करण्याजोगं असतं. फायदा लहान आहे हे मान्य. त्याहून मोठा दावा मी करणार नाही. निरोगी माणसाने केवळ शंका म्हणून सीईए तपासण्यालाही काही आधार नाही.

दुसरा आक्षेप माणसाच्या बाजूचा आहे. उपचार बदलो न बदलो, आपलं पुढे काय होणार हे जाणण्याचा हक्क रुग्णाला नाही का? आहे, निःसंशय आहे. पण शेकडो रुग्णांच्या सरासरीवरून आलेला आकडा एका माणसाचं भविष्य म्हणून सांगितला जातो, आणि त्या आकड्यामागची तपासणीच पी53सारखी डळमळीत असेल, तर हक्काच्या नावाखाली त्याच्या पदरी फक्त धास्ती पडते. प्रथिनांचा काळ संपला, आता गाठीतून रक्तात येणाऱ्या डीएनएचे दिवस आले, असंही म्हटलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या डायनॅमिक चाचणीत दुसऱ्या स्टेजच्या 455 रुग्णांमध्ये या डीएनएवरून केमो ठरवली, तेव्हा केमो घेणाऱ्यांचं प्रमाण 28 वरून 15 टक्क्यांवर आलं आणि रोग उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही. मला ही चाचणी माझ्याच म्हणण्याची साक्ष वाटते, कारण तिने तपासला तो निर्णयच. शिवाय दुरुस्तीच्या चार प्रथिनांची तपासणी काढलेल्या गाठीच्या मेणात जपून ठेवलेल्या तुकड्यावर होते आणि कर्करोगाचं काम करणाऱ्या बऱ्याच पॅथॉलॉजी प्रयोगशाळांना ती जमते.

आपल्याकडे या तपासणीचा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात येणाऱ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांचं सरासरी वय पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा बरंच कमी, पन्नाशीच्या आत आढळलं आहे. तरुण रुग्णात एमएसएच2 किंवा एमएसएच6 गायब निघालं, तर लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाची दाट शंका येते. एमएलएच1 गायब असेल तर कारण बहुधा आनुवंशिक नसतं, म्हणून आधी बीआरएएफ जनुकातल्या बदलाची किंवा एमएलएच1चं जनुक बंद पाडणाऱ्या मिथायलेशनची तपासणी करतात. लिंच पक्कं ठरलं की भावंडांची आणि सज्ञान मुलांची जनुकीय तपासणी करता येते. ज्यांच्यात तो दोष असेल त्यांना सहसा विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करायला सांगतात आणि पॉलिप दिसला की त्याच वेळी तो काढतात.