खमिराविना फुगणारे तळण : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

आषाढात ‘आखाड तळण्या’ची चाल अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात आणि महाराष्ट्राच्या इतरही बऱ्याच भागांत आहे, आणि त्या निमित्ताने होणाऱ्या तिखट-मिठाच्या पुऱ्या, गुळाच्या कापण्या व लाल भोपळ्याचे घारगे यांपैकी एकालाही यीस्ट लागत नाही. तरीसुद्धा यीस्ट न घालता झटपट तळलेली रोटी ही परदेशी पाककृतींतून आलेली अलीकडची युक्ती होय, असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेतील ‘फ्राय ब्रेड’चा उगम परंपरेने 1864 मध्ये सक्तीने स्थलांतरित केल्या गेलेल्या नवाहो लोकांशी जोडला जातो; सरकारी शिध्यात मिळालेले पीठ आणि चरबी एवढ्यावरच त्यांना भागवावे लागले होते. त्या रोटीमागे उपासमारीचा इतिहास आहे, आपल्या तळणामागे सणाचा. पण पीठ, पाणी, मीठ आणि कढत स्निग्ध पदार्थ ही मूळ सामग्री दोन्हीकडे एकच आहे.

पदार्थ फुगण्यासाठी खमीर लागतेच, हा या विषयातील सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज आहे. खमीर, म्हणजे यीस्ट, ही एकपेशीय बुरशी पिठातील शर्करेवर जगते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडते. हा वायू साचण्यास तास-दोन तास लागतात आणि त्यातून पावाला जाळी पडते. पुरी मात्र या वायूने फुगत नाही, तिला फुगवते ती वाफ. सुमारे दोन मिलिमीटर जाडीची पुरी 180 ते 190 अंश सेल्सिअस तापलेल्या तेलात पडताच तिचे दोन्ही पृष्ठभाग घट्ट होतात, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पाण्याचे वाफेत रूपांतर होताना त्याचे आकारमान सुमारे 1,700 पट वाढत असल्याने ती वाफ दोन्ही थरांना एकमेकांपासून अलग करते. झाऱ्याने हलके दाबल्यामुळे पुरीत हवा शिरते असे जे सांगितले जाते, त्यात तथ्य नाही. दाबल्यामुळे वरची बाजूही तेलाखाली जाऊन लवकर घट्ट होते, एवढाच त्या कृतीचा उपयोग आहे.

वाफ कोंडून धरण्यासाठी गव्हातील ग्लुटेन, म्हणजे पीठ मळताना तयार होणारे लवचिक प्रथिनांचे जाळे, उपयोगी पडते हे खरे. परंतु ग्लुटेनशिवाय काही फुगतच नाही, हे विधान या जिल्ह्यात तरी कोणी करू नये. जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेर या कोरडवाहू तालुक्यांत ज्वारी-बाजरीची भाकरी हेच रोजचे अन्न राहिले आहे. या दोन्ही धान्यांत ग्लुटेन नसते, आणि तरीही हाताने नीट थापलेली भाकरी आरावर टम्म फुगते, कारण वरच्या थरातील स्टार्च ओलावा आणि उष्णता यांच्या योगाने शिजून त्याचा सलग पापुद्रा होतो. 1926 मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांतून ज्या भागात खेळले तेथे गहू सहज पिकू लागला. अन्यत्र गव्हाची पुरी ही सणावाराचीच राहिली.

मोहन जास्त घातले की पुरी अधिक फुगते, ही समजूत तर वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे. मोहन, म्हणजे कोरड्या पिठात चोळलेले कडकडीत तेल, पिठाच्या कणांवर स्निग्ध आवरण चढवते, त्यामुळे ग्लुटेनचे जाळे तुटक राहते आणि पदार्थ खुसखुशीत होतो. कापण्यांना हाच गुण हवा असतो, म्हणून तेथे सढळ मोहन योग्य ठरते. पुरीला एखादा चमचा पुरतो. कापण्यांत गूळ असल्याने त्या लवकर करपतात, त्यामुळे पुरीची प्रखर आच त्यांना चालत नाही, ही बाबही अनेकदा नजरेआड होते. पुरीसाठी 250 ग्रॅम कणकेला साधारण 125 ते 140 मिलिलिटर पाणी घ्यावे, पीठ घट्ट मळावे आणि वीस मिनिटे झाकून ठेवावे. पाणी किती लागेल हे गव्हावर व दळणावर अवलंबून असते. लाटताना कोरडे पीठ लावू नये, कारण ते तेलात सुटून जळते. तेलाचे बोट पुरेसे आहे.

मऊ, जाळीदार रोटी हवी असेल तेव्हा सोड्याचा प्रश्न येतो, आणि खाण्याचा सोडा व बेकिंग पावडर एकच समजण्याची चूक येथेच होते. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, ज्याला वायू सोडण्यासाठी दही किंवा लिंबू यांसारखा आंबट पदार्थ हवा. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर कोरडे आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळलेले असते. इंग्लंडमधील आल्फ्रेड बर्ड यांनी 1843 मध्ये अशी पावडर सिद्ध केली ती पत्नीला यीस्ट सोसत नव्हते म्हणून. पिठात पुरेसे आम्ल नसताना अधिक सोडा घातला, तर उष्णतेने त्याचा काही भाग सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याच्या सोड्यातील द्रव्य, बनतो आणि रोटी पिवळट व साबणासारख्या चवीची लागते. 250 ग्रॅम मैद्याला पाव चमचा सोडा आणि पाऊण वाटी आंबट दही, किंवा दही न घेता दोन चमचे बेकिंग पावडर आणि कोमट पाणी, हे प्रमाण पुरते. असे पीठ पंधरा-वीस मिनिटांहून फार वेळ ठेवू नये, कारण वायू निसटून जातो. दह्यातले जिवाणू या अल्प वेळात पीठ फुगवतात असेही मानू नये. येथे दह्याचे काम केवळ आम्ल पुरवण्याचे आहे.

यीस्ट नाही म्हणून हे तळण पचायला हलके, हा निष्कर्षही टिकत नाही, कारण जडपणाचे मुख्य कारण तेल आहे. पदार्थ तेल पितो तो मुख्यतः कढईबाहेर काढल्यावर: आतली वाफ थंड होऊन आकसते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून पुऱ्या ताटात एकावर एक न रचता चाळणीत उभ्या ठेवून लगेच निथळाव्यात. तळून उरलेले तेल कितीही वेळा चालते, हा समज सर्वांत घातक आहे. वारंवार तापलेल्या तेलात साचणाऱ्या ध्रुवीय संयुगांवर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून 25 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. हे मोजण्याचे साधन घरी नसते, तेव्हा तेल काळपट, दाट किंवा फेसाळ झाले, अथवा पूर्वीपेक्षा लवकर धुरावू लागले, की ते टाकून द्यावे आणि मुळातच कढईत लागेल तेवढेच तेल घ्यावे.